उत्स्फूर्ततेची संहिता

संगीताच्या समीक्षकापुढे एक अडचण पूर्वीपासून उभी आहे. काव्याचा समीक्षक ज्या ओळीविषयी बोलतो ती ओळ त्याला आपल्या लेखात उतरवून घेता येते. वाचक ती वाचतो, समीक्षकाचे विधान तिच्याशी ताडून पाहतो, आणि पटले नाही तर त्याला तेथल्या तेथे खोटे पाडू शकतो. संगीताच्या समीक्षकाला ही सोय नाही. त्याचे अवतरण म्हणजे वर्णन, आणि वर्णन हा नेहमीच वर्णनकर्त्याच्या बाजूने बोलणारा साक्षीदार असतो. आपल्याकडील संगीतविषयक लेखन बरेचसे उपमांच्या आश्रयाने जगत आले, याचे कारण लेखकांची काव्यप्रियता एवढेच नव्हे. समोर ठेवावयास प्रमाणच नव्हते, हे अधिक खरे कारण आहे.

ही अडचण दूर करणारा एक श्राव्य लेखनप्रकार गेल्या वीस वर्षांत रूढ झाला आहे. ‘पॉडकास्ट’ हा शब्द २००४ साली एका इंग्रजी वृत्तपत्रातील लेखात प्रथम आला. आज तो मराठीतही सरसकट वापरला जातो, तेव्हा त्याला प्रतिशब्द शोधण्याचा खटाटोप न केलेला बरा. या प्रकारात समीक्षक बोलता बोलता थांबतो, तबकडीतील आठ मात्रा ऐकवितो आणि पुन्हा बोलू लागतो. अवतरण कानांवर पडते. जॅझ संगीताविषयी असे कार्यक्रम अमेरिकेत विपुल निघाले आहेत. त्यांतील काही खरोखर समीक्षा आहेत, पुष्कळसे कौतुकसमारंभ आहेत. परंतु त्यांचे मोल ठरविण्यापूर्वी एक प्रश्न सोडविणे अवश्य आहे. हा समीक्षक जे अवतरण ऐकवितो ते नेमके कशाचे अवतरण? वादकाच्या उपजेचे, की ध्वनिमुद्रण नावाच्या एका वेगळ्याच कृतीचे?

‘उपज’ हा आपला शब्द येथे मुद्दाम योजला आहे. जॅझमध्ये ठरलेली चीज थोडी, आणि तिच्या स्वरसंगतीच्या आवर्तनांवर वादकाने त्या क्षणी रचलेला विस्तार फार. त्या क्षणानंतर तो विस्तार उरू नये, हा त्याचा धर्म. आणि तरीही जॅझचा सगळा इतिहास ध्वनिमुद्रिकांच्या आधारे लिहिला गेला आहे. जी कला लिहून ठेवता येत नाही तिला तबकडीने संहिता दिली. आणि संहिता आली की तिच्याबरोबर पाठभेद, प्रक्षेप आणि लेखनिकाचे हस्तदोष हे सारे आलेच.

पहिली जॅझ तबकडी २६ फेब्रुवारी १९१७ रोजी व्हिक्टर कंपनीने न्यूयॉर्कमध्ये मुद्रित केली. न्यू ऑर्लिअन्सच्या कृष्णवर्णीय वस्त्यांत वाढलेल्या या संगीताची ही पहिली मुद्रिका गोऱ्या वादकांच्या संचाची आहे. फ्रेडी केपर्ड या कृष्णवर्णीय कॉर्नेटवादकाला त्याआधीच विचारणा झाली होती, पण आपले वादन इतर चोरतील या भीतीने त्याने नकार दिला, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, ती इतक्या वेळा सांगितली जाते याला अर्थ आहे. त्याच्याही आधीचा बडी बोल्डन हा या संगीताचा आदिपुरुष मानला जातो. त्याचे वाजविणे आज कोणालाही ऐकता येत नाही. महाराष्ट्रातील रसिकांना ही अवस्था अपरिचित नाही. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले ते एकही ध्वनिमुद्रिका मागे न ठेवता. त्यांची गायकी शिष्यांच्या गळ्यांत आणि ऐकणाऱ्यांच्या आठवणींत राहिली. फरक इतकाच, की आपल्याकडे गुरुशिष्यपरंपरेने ती पोकळी काही अंशी भरून काढली. जॅझमध्ये शिष्याचा गुरूही बहुधा तबकडीच होती.

त्या तबकडीने गुरू म्हणून काय शिकविले हे पाहण्यासाठी १९२३ च्या एप्रिलकडे वळावे. इंडियाना राज्यातील रिचमंड गावी पियानोच्या एका कारखान्याच्या आवारात जेनेट कंपनीची ध्वनिमुद्रणाची खोली होती. जवळून आगगाडीचा रूळ जात असे, आणि गाडी आली की काम थांबवावे लागे. विजेचा मायक्रोफोन अजून आला नव्हता. सर्व वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर उभे राहत, आणि कर्ण्यात शिरलेल्या आवाजाच्या जोराने सुई मेणावर रेघ ओढी. मोठ्या ढोलाच्या ठोक्याने सुई उडे, म्हणून किंग ऑलिव्हरच्या संचातील बेबी डॉड्सला आपला ढोल बाजूला ठेवून लाकडी ठोकळ्यांवर ताल धरावा लागला. त्याच संचातील दुसरा कॉर्नेटवादक एकवीस वर्षांचा लुई आर्मस्ट्राँग होता. त्याचा आवाज इतका भरदार, की त्याला इतरांपासून बराच दूर उभे करावे लागले, असे त्याच्या सहवादकांनी सांगून ठेविले आहे.

या तबकड्या ऐकून एखाद्या अभ्यासकाने ‘आरंभीच्या जॅझमध्ये तालवाद्यांचे स्थान गौण होते आणि आर्मस्ट्राँग ऑलिव्हरच्या छायेत होता’ असा निष्कर्ष काढला, तर तो कर्ण्याचा गुण वादकांच्या माथी मारील. असे निष्कर्ष निघाले नाहीत असेही नाही. पोथीत गळालेली ओवी कवीने लिहिलीच नव्हती असे मानण्यासारखेच हे आहे. १९२५ पासून विद्युत्‌ध्वनिमुद्रण आले, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात शिकागोत आर्मस्ट्राँगने स्वतःच्या नावाने पहिल्या तबकड्या केल्या. १९२८ च्या ‘वेस्ट एंड ब्लूज’चा साथीवाचून सुरू होणारा आरंभ ऐकला, म्हणजे दूरच्या कोपऱ्यातील तो वादक यंत्राच्या अगदी निकट येऊन उभा राहिल्याचा प्रत्यय येतो. निकट येण्याचे श्रेय त्याच्या प्रतिभेचे किती आणि मायक्रोफोनचे किती, हा प्रश्न मात्र तसाच राहतो.

अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीवर सुमारे तीन मिनिटांचे संगीत मावे. हे बंधन आपल्या गवयांनाही भोगावे लागले. तासाभराचा ख्याल त्यांनी तीन मिनिटांत आवळला, आणि त्या आवळण्यातून अब्दुल करीम खाँसाहेबांच्या मुद्रिकांसारख्या नितांत सुंदर गोष्टीही निर्माण झाल्या. ड्यूक एलिंग्टनने तीन मिनिटांचा एक स्वतंत्र काव्यप्रकारच सिद्ध केला. मावेनासे झाले तेव्हा १९३५ मध्ये त्याने एक रचना तबकडीच्या चार बाजूंवर पसरली. बंधनातून रूप जन्माला येते हे आपल्या अभंग-ओवीच्या अभ्यासकाला सांगावयास नको. पण बंधन कवीने पत्करलेले आहे की तबकडीच्या रुंदीने लादलेले आहे, हे जाणून घेणे समीक्षकाचे काम आहे.

१९४८ साली कोलंबिया कंपनीने दीर्घकाळ वाजणारी तबकडी बाजारात आणली, आणि त्याच सुमारास चुंबकीय फितीचा वापर सुरू झाला. कालमर्यादा सैल झाली आणि ध्वनी कापून जोडता येऊ लागला. येथून पुढे संहितेचा प्रश्न खऱ्या अर्थाने बिकट होतो.

७ जुलै १९५६ च्या रात्री न्यूपोर्टच्या महोत्सवात एलिंग्टनच्या संचातील सॅक्सोफोनवादक पॉल गॉन्सॅल्व्हिस याने एका रचनेच्या दोन भागांमध्ये सत्तावीस आवर्तने सलग वाजविली. श्रोते खुर्च्यांवर उभे राहिले, नाचू लागले. उतरणीला लागलेली एलिंग्टनची कीर्ती त्या रात्री पुन्हा वर चढली. परंतु गॉन्सॅल्व्हिस चुकीच्या मायक्रोफोनसमोर उभा होता. तो मायक्रोफोन कोलंबियाचा नव्हता, ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या नभोवाणीचा होता. कोलंबियाच्या फितीवर त्याचा आवाज दुरून आल्यासारखा उमटला. शिवाय महोत्सवासाठी रचलेल्या मालिकेचे वादन मनासारखे झाले नव्हते, म्हणून तिचा बराच भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून घेण्यात आला आणि त्यावर टाळ्यांचा कडकडाट जोडला गेला. ‘न्यूपोर्ट येथील एलिंग्टन’ या नावाने ती तबकडी एलिंग्टनच्या सर्वाधिक खपलेल्या तबकड्यांपैकी एक झाली. सुमारे चाळीस वर्षांनी नभोवाणीची फीत सापडली. फिल शाप या संपादकाने दोन्ही फिती एकमेकींशी जुळवून, एक डाव्या कानाला आणि एक उजव्या कानाला देऊन, १९९९ मध्ये त्या रात्रीची नवी आवृत्ती सिद्ध केली.

पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या हस्तलिखितांवर जे काम झाले त्याच जातीचे हे काम आहे. केवळ पोथ्यांच्या जागी फिती आहेत. आणि येथे एक गमतीची गोष्ट घडते. शुद्ध पाठ हाती आल्यावर प्रक्षिप्त पाठ निरुपयोगी ठरावा. पण १९५६ ची तबकडी तशी ठरत नाही. एका पिढीने ऐकलेले, ज्यावरून मते बनविली गेली असे न्यूपोर्ट तेच आहे. शापची आवृत्ती घटनेशी अधिक प्रामाणिक, पूर्वीची आवृत्ती इतिहासात अधिक कार्यकारी. समीक्षकाला दोन्ही जवळ बाळगाव्या लागतात.

माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’चे प्रकरण यापेक्षा लहान, पण बोलके आहे. १९५९ च्या २ मार्चला आणि २२ एप्रिलला, न्यूयॉर्कच्या तिसाव्या रस्त्यावरील एका जुन्या चर्चमध्ये थाटलेल्या स्टुडिओत हे वादन झाले. पहिल्या दिवशी मुख्य यंत्र किंचित मंद चालले, त्यामुळे पहिल्या बाजूवरील तिन्ही रचना ऐकताना किंचित चढ्या लागतात. ही चूक १९९२ च्या आवृत्तीत सुधारली गेली. म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ तबकडीबरोबर सराव करणारे वादक आपले वाद्य एका यंत्रदोषाशी मिळवून घेत होते.

दहा वर्षांनी त्याच डेव्हिसच्या ‘इन अ सायलेंट वे’मध्ये निर्माता टिओ मसेरो याने फितीवर कात्री चालविली. दुसऱ्या बाजूच्या आरंभी वाजलेला भाग बाजूच्या अखेरीस जसाच्या तसा पुन्हा येतो. वादकांनी तो पुन्हा वाजविलेला नाही. फितीची प्रत जोडलेली आहे. पुनरावृत्ती ही उपजेला अशक्य असलेली एकमेव गोष्ट. मसेरोने नेमकी तीच केली. परिणाम असा, की पहिल्याने ऐकताना क्षणिक वाटलेले वादन दुसऱ्याने ऐकताना ध्रुपदाप्रमाणे भासू लागते.

येथे मर्ढेकरांची आठवण होणे अपरिहार्य आहे. ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये त्यांनी कलाकृती ही संवेदनांची लयबद्ध संघटना मानली, आणि संवाद, विरोध व समतोल या नियमांखेरीज दुसरा निकष मानण्यास नकार दिला. त्या भूमिकेवरून पाहिले तर तो भाग वाजविला की चिकटविला हा प्रश्न कलाबाह्य ठरतो. कानावर पडलेली संघटना तेवढी पाहावयाची. मसेरोच्या बाबतीत ही भूमिका चांगली टिकते. न्यूपोर्टच्या बाबतीत ती तोकडी पडते. कारण न्यूपोर्टची तबकडी नुसते स्वर मांडीत नाही, ‘हे अमुक रात्री, अमुक लोकांसमोर घडले’ असे विधानही करते, आणि टाळ्या हा त्या विधानाचा पुरावा म्हणून पुढे केलेला आहे. सत्तावीस आवर्तनांचा आनंद त्यांतील स्वरसंघटनेत आहेच, पण कोसळण्याच्या भयाने भरलेल्या त्या क्षणी ती संघटना सावरली गेली या जाणिवेतही आहे. ही जाणीव संवेदनेत मोडत नाही, ज्ञानात मोडते. उपजेची कला ज्ञानाला आस्वादाच्या बाहेर ठेवू देत नाही, ही मर्ढेकरांच्या सिद्धांताला जॅझने घातलेली खरी अडचण आहे. आणि ती ख्यालानेही घातलेली आहे, हे त्यांच्या टीकाकारांना अधिक आग्रहाने सांगता आले असते.

ज्ञानाचा हा हक्क कोठवर? चार्ली पार्करने २९ जुलै १९४६ रोजी, शरीर आणि मन दोन्ही ढासळलेल्या अवस्थेत, ‘लव्हर मॅन’ हे गीत वाजविले. त्यानंतर लवकरच त्याला मनोरुग्णालयात ठेवावे लागले. कंपनीच्या मालकाने ते वादन प्रसिद्ध केले, आणि पार्करला त्याची चीड होती. आज ती तबकडी ‘हृदयद्रावक’ म्हणून ऐकविली जाते. तिच्यात उशिरा लागणारा पहिला स्वर, वाक्ये अर्धवट सोडणे, पट्टीवरून घसरणे, हे सारे आहे, आणि त्यात करुण असे काही आहे हेही नाकारता येत नाही. पण ते कारुण्य रचनेचे नाही, रोगाचे आहे. कवीने फाडून टाकलेल्या कागदाचे तुकडे जुळवून छापणाऱ्या संपादकाला जो जाब विचारावा लागतो, तोच येथेही विचारला पाहिजे. याउलट डीन बेनेडेटी या पार्करभक्ताने १९४७–४८ मध्ये ठिकठिकाणी जाऊन पार्करचे वादन टिपले, आणि बहुतेक वेळी पार्कर थांबला की यंत्रही थांबविले. त्याच्या मुद्रणांत इतर वादक दाराबाहेर उभे राहिल्यासारखे वाटतात. भक्तीही अशी पाठ बिघडविते.

आता त्या श्राव्य समीक्षेकडे पुन्हा वळता येईल. तिची कुळी पॉडकास्टहून जुनी आहे. फिल शाप न्यूयॉर्कच्या विद्यापीठीय नभोवाणीवर कित्येक दशके जवळजवळ रोज सकाळी पार्करच्या तबकड्या लावून बोलत असे. तो २०२१ मध्ये निवर्तला. तारीख, वार, कोणता टेक, कोणता वादक उशिरा आला, याचा त्याला विलक्षण सोस. कित्येकदा तबकडी तीन मिनिटांची आणि भाष्य त्याच्या दसपट. या पाल्हाळाची थट्टा झाली. परंतु १९४५ च्या ‘को-को’च्या ध्वनिमुद्रणातील एक फसलेला आरंभ, ज्यात वादक ‘चेरोकी’ची मूळ धून वाजवू लागतात आणि मध्येच अडविले जातात, तो ऐकवून पुढचा पूर्ण पाठ ऐकविला म्हणजे श्रोत्याला न सांगता समजते की नवी रचना जुनीच्या सांगाड्यावर उभी आहे. हे काम छापील लेखाला कधी साधले नसते. मॅरियन मॅकपार्टलंड या पियानोवादिकेने १९७९ पासून तीन दशके चालविलेल्या कार्यक्रमात बिल इव्हान्स लयीतील वाक्ये मागेपुढे सरकविण्याची आपली रीत बोलता बोलता पियानोवर करून दाखवितो. कलावंताने स्वतःच्या शैलीवर केलेले इतके स्वच्छ भाष्य दुर्मिळ आहे. तेथे स्तुती थोडी आणि बोटे पुष्कळ.

हीच रीत आजच्या पॉडकास्टांपैकी पीटर मार्टिन आणि ॲडम मॅनेस या दोन पियानोवादकांच्या कार्यक्रमात दिसते. तबकडी थांबवावी, तोच स्वरमेळ वाजवावा, मतभेद व्हावा. थट्टामस्करी जरा अधिकच आहे, पण प्रमाण समोर आहे. हृषिकेश हिरवे यांनी २०१४ पासून चालविलेल्या कार्यक्रमाची पद्धत निराळी. त्यात गीताचे स्वतंत्रपणे मुद्रित केलेले धागे एकेक करून ऐकविले जातात. आधुनिक गीतांसाठी ही पद्धत अप्रतिम आहे. पण ‘काइंड ऑफ ब्लू’सारख्या कृतीला ती लावता येत नाही. तेथे सारे वादक एका दालनात होते, फितीवर पट्टे तीनच, आणि एकाचा आवाज दुसऱ्याच्या मायक्रोफोनमध्ये सांडलेला. जे एकत्रच जन्मले ते उलगडता येत नाही, ही त्या पद्धतीची उणीव म्हणण्यापेक्षा जॅझचीच व्याख्या म्हणावी.

बहुसंख्य कार्यक्रम मात्र मुलाखतीच्या सोप्या वाटेने जातात. वादक आपल्या थोर गुरूची गोष्ट सांगतो, निवेदक हसतो, दोघे एकमेकांना धन्यवाद देतात. नकार हा समीक्षेचा प्राण येथे जवळजवळ लोपला आहे. रूडी व्हॅन गेल्डरविषयी जे बोलले जाते ते याचे उत्तम उदाहरण. दिवसा डोळे तपासून चष्मे देणारा हा गृहस्थ हॅकेन्सॅक येथे आईवडिलांच्या दिवाणखान्यात ध्वनिमुद्रण करीत असे. १९५९ मध्ये त्याने एंगलवुड क्लिफ्स येथे चर्चसारख्या उंच लाकडी छताचा स्टुडिओ बांधला, आणि १९६४ च्या डिसेंबरात कोल्ट्रेनचे ‘अ लव्ह सुप्रीम’ तेथेच मुद्रित झाले. मायक्रोफोन कसे ठेवतो हे तो कोणाला सांगत नसे. या गोष्टी पुनःपुन्हा, भक्तिभावाने सांगितल्या जातात. पण चार्ल्स मिंगसने याच माणसावर घेतलेला आक्षेप, की तो वादकांचे स्वर बदलून टाकतो, क्वचितच विचारात घेतला जातो. व्हॅन गेल्डरच्या मुद्रिकांत पियानो वेगवेगळ्या वादकांच्या हातीही थोडासा सारखाच, जरा मिटलेला वाजतो, हे कोणत्याही श्रोत्याला पडताळून पाहता येईल. तो आवाज ‘त्या काळच्या जॅझचा’ मानायचा की एका लेखनिकाच्या हस्ताक्षराचा, एवढा एक प्रश्न दोन मुद्रिका शेजारीशेजारी लावून विचारला तरी एक चांगला कार्यक्रम होईल.

मराठीत अशा श्राव्य पाठचिकित्सेला विषय दूरदेशीचेच शोधावे लागतील असे नाही. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३० नंतरच्या दशकात कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचे संच वाजवीत, आणि त्यांच्याकडून गोव्याच्या वादकांनी हे संगीत उचलले. नरेश फर्नांडिस यांच्या २०१२ सालच्या इंग्रजी ग्रंथात ही हकीकत विस्ताराने आली आहे. चर्चच्या शाळांतून पाश्चात्य स्वरलेखन शिकलेले हे वादक पुढे हिंदी चित्रपटसंगीतात गेले. ‘चिक चॉकलेट’ या नावाने प्रसिद्ध असलेला गोमंतकीय ट्रम्पेटवादक सी. रामचंद्रांबरोबर होता, १९५१ च्या ‘अलबेला’त तो आपल्या साथीदारांसह पडद्यावरही दिसतो. तबकडीवर नावे असत ती गायकाची आणि संगीतकाराची. कडव्यांमधल्या त्या काही सेकंदांच्या ट्रम्पेटवाक्यांपैकी कोणती लिहून दिलेली आणि कोणती वादकाला तेथल्या तेथे सुचलेली, हे आज विचारावयास कोणी उरलेले नाही. परंतु त्या काळी चित्रपटातील गीत आणि तबकडीवरील गीत अनेकदा वेगवेगळे मुद्रित होत असे. दोन्ही पाठ मिळवावेत आणि एकापाठोपाठ एक ऐकावेत. जेथे ट्रम्पेट स्वरशः तेच बोलतो ते बहुधा कागदावरचे. जेथे दुसऱ्या पाठात तो निराळ्या वाटेने जाऊन समेवर परत येतो, तेथे चिक चॉकलेटची सही असण्याचा संभव आहे.